भुईवरून उठायचा धडा

कारखान्याचा भोंगा परवा वाजला. व्हरांड्यातला आकाशकंदील अजून उतरवायचाच होता आणि हा सुरू झाला. आता उन्हं तापेपर्यंत हेच चालायचं. पहाटेपासून उसाच्या ट्रॉल्यांची घरघर, दोरीवर वाळत घातलेल्या पातळांवर काजळीचे काळे कण, आणि वारा फिरला की मळीचा तो आंबूस-गोड वास, जो जेवताना भातातसुद्धा येतो. इथल्या बहुतेकांना तो आवडतो. उसाच्या बांधावर जन्म गेलेली माणसं, त्यांना तो घरचा वाटतो. मलाही आवडायचा. यंदा मात्र तो आला की मी उठून खिडकी लावून घेते.

मी राहते ते निवास बारामतीहून इंदापूरकडे येताना शेतांच्या मधोमध आहे. वृद्धाश्रम म्हटलेलं आमच्या मॅनेजरांना खपत नाही, ‘निवास’ म्हणायचं. एका खोलीत दोघी, जेवण वेळेवर, न्हाणीघरात धरायला स्टीलचे दांडे, हाकेला माणूस. आपलं आपल्याला उठून-बसून करता येतंय तोवर पुढच्या इमारतीत राहायचं. ते जमेनासं झालं की मागचा हॉल. मागच्या हॉलमध्ये कठड्यांच्या खाटा आहेत, ओळीनं मांडलेल्या. तिथून पुढच्या इमारतीत परत आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मी बावड्याला शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. नवरा गेला, मुलगी लांब, तेव्हा आपणहून इथं आले. चिडका स्वभाव होता, तोही बरोबर घेऊन आले.

हंगाम सुरू झाला की आमचा व्यायामाचा वर्गही सुरू होतो. त्याला कारण आहे. म्हातारी माणसं थंडीत जास्त पडतात. सांधे आखडलेले असतात, गोधडीत पाय गुंततो, पहाटेच्या काळोखात चप्पल सापडत नाही. पडू नये म्हणून शिकवायला अश्विनी येते. कोऱ्हाळ्याची मुलगी, फिजिओथेरपी शिकलेली, बारामतीहून स्कूटीवर येते, कानाला स्कार्फ बांधून. सकाळी व्हरांड्यात ऊन आलं की खुर्च्या मांडायच्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, परत बसायचं. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. फरशीच्या रेघेवरून एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत चालायचं. आणि एका पायावर उभं राहायचं.

पहिल्या दिवशी बावड्याचे आबा म्हणाले होते, “मॅडम, ह्या वयात आमाला काय सर्कशीत घालनार हाय का?” आबांचं बागायत मोठं, तोंड त्याहून मोठं. पण रोज पहिल्या खुर्चीवर तेच येऊन बसायचे. पडायची भीती सगळ्यांनाच होती. पडण्यापेक्षा मागच्या हॉलची जास्त होती. ती कुणी बोलून दाखवत नसे, पण टाच उचलताना प्रत्येकाची नजर त्या हॉलच्या दाराकडे जायची. माझीही जायची.

गेल्या हंगामात माझ्या खोलीत हौसाक्का होत्या. शेळगावच्या. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, शे-दीडशे. दर वर्षी दसरा-दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादून कोकणात उतरायचं आणि पाऊस यायच्या बेताला वर यायचं, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. नवरा लवकर गेला. पुढं मुलानं मेंढरं विकली, तो जेसीबी चालवायला लागला, सून कामाला जायची, आणि दिवसभर बंद घरात एकटं राहायला लागल्यावर हौसाक्का दोनदा पडल्या. मग मुलगा, बिरा त्याचं नाव, त्यांना इथं ठेवून गेला. तो वाईट नव्हता. महिन्याला यायचा, बाजरीचं पीठ आणायचा, आईच्या पायाशी बसून मोबाईलवर नातवंडं दाखवायचा. जाताना प्रत्येक वेळी मला म्हणायचा, “बाई, आईकडं ध्यान ठेवा.”

एका पायावर उभं राहायची वेळ आली की हौसाक्का सगळ्यांना मागं टाकायच्या. मी खुर्चीला दोन्ही हातांनी कवटाळलेली, आणि ही बाई एक पाऊल दुसऱ्या गुडघ्याशी टेकवून शांत उभी, नजर लांब उसाच्या शेंड्यांवर. मेंढरं चरताना काठीवर रेलून तसं उभं राहायची सवय. आबा म्हणायचे, “उजनीचा बगळा आला बगा.” त्या मान न वळवता उत्तर द्यायच्या, “बगळा मासं धरतो, आबा. तुमी आदी पायजमा धरा.” सगळा व्हरांडा हसायचा. अश्विनी हसता हसता घड्याळाकडे बघायला विसरायची आणि हौसाक्का आपल्या उभ्याच.

मग थंडी वाढली, आणि एक दिवस अश्विनीनं निळ्या गाद्या आणून व्हरांड्यात पसरल्या. म्हणाली, “पडायचं नाही हे आपण शिकतोय. पण पडलोच तर? माणूस पडतं आणि कुणी येईपर्यंत तसंच पडून राहतं, थंड फरशीवर. त्यानंच जास्त घात होतो. म्हणून आज खालून उठायला शिकायचं.” आणि तिनं स्वतः आडवं होऊन दाखवलं. आधी घाबरायचं नाही, श्वास घ्यायचा. मग कुशीवर वळायचं. खालच्या हाताचं कोपर टेकायचं. कोपरावरून दोन्ही हातांवर, हातांवरून गुडघ्यांवर. रांगत खुर्चीपर्यंत जायचं. खुर्चीवर हात रोवायचे, एक पाऊल पुढं टेकवायचं, आणि उठायचं. ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, “या, कोण येतंय?”

कुणी जागचं हललं नाही.

ती पोर गोंधळून गेली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. खेड्यातलीच, पण वय कोवळं, तिच्या घरात कुणी अजून गेलेलं नसावं. आमच्या भागात माणूस शेवटाला आलं की त्याला खाटेवरून खाली घेतात. जीव भुईवर जावा म्हणून. भोवती माणसं उभी राहतात, कुणी तोंडात पाणी घालतं, तुळशीचं पान ठेवतं. ‘खाली घेतलंय’ एवढं कानावर आलं की शेजारची बाई चूल विझवून निघते. आणि इथं गाद्या पसरलेल्या, भोवती आम्ही सगळे उभे, आणि त्या गाद्यांवर जाऊन उताणं पडा म्हणून सांगणं. मी शिकलेली असून मीही पुढं झाले नाही.

शेवटी आबाच गेले. आडवे झाले, छातीवर हात जोडले आणि म्हणाले, “तुळशीचं पान आनलंय का कुनी?” दोघं-तिघं हसले. पण त्यामुळं कोंडी फुटली. एकेक जण झोपला, वळला, धापा टाकत उठला. मीही उठले, गुडघे कुरकुरले तरी. राहिल्या एकट्या हौसाक्का. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि हात पदरात घट्ट गुंडाळले होते. अश्विनीनं विनवलं, मी डोळे वटारले. “मी न्हाय झोपनार,” त्या म्हणाल्या आणि तोल अजिबात न जाऊ देता चालत खोलीत निघून गेल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोलीत येऊन मी वर्गातल्या पोरांना बोलावं तशी बोलले. म्हटलं, “हौसाक्का, सगळा जन्म माळावर भुईला पाठ टेकून झोपलात, आणि आता गादीची भीती वाटते?” त्या खाटेच्या काठावर बसल्या. खिडकीतून मळीचा वास येत होता. मग म्हणाल्या, “झोपायची भुई येगळी, बाई.”

आणि मग सांगितलं. घाटाखाली वाडा उतरला होता, मेंढक्यांचा वाडा म्हणजे चार पालं आणि जाळीचं कुंपण. नवऱ्याला ताप आला. दवाखाना लांब. दुपारपर्यंत डोळे फिरवले म्हणून बरोबरच्या म्हाताऱ्यांनी त्याला घोंगडीवरून खाली घेतलं. भुईचा गारवा पाठीला लागला आणि त्यानं डोळे उघडले. भोवती उभी राहिलेली सगळी माणसं बघितली. “म्हनला, मला खाली कशापायी घेतलं, उठवा की मला.” म्हातारे म्हणाले, जीव अडकलाय, बोलतोय ते तापातलं. एकदा खाली घेतलेलं माणूस परत वर घ्यायचं नसतं. हौसाक्का तेव्हा पोरवयाच्या, कडेवर बिरा. सासरे उभे असताना तोंड उघडायची पद्धत नव्हती. दिवस मावळायच्या आत तो गेला. “तसाच जानार हुता का उठवल्यावर जगला असता, मला आजून कळलं न्हाय, बाई. पन त्यो खालून बगत हुता. आमी समदी वरनं.”

  बाहेर ट्रॉलीवाल्याचा टेप मोठ्यानं वाजत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार लावलं, आतून कडी घातली. खाटेवरची गादी ओढून फरशीवर घेतली, शेजारी त्यांची घोंगडी पसरली, आणि आधी मीच आडवी झाले. म्हटलं, “इथं उभं राहून बघायला कुणी नाही. दोघी खालीच.” त्या उभ्या राहून बघत होत्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की वरून बघणाऱ्या त्या स्वतःच आहेत. घाईघाईनं खाली बसल्या. पाय दक्षिणेला नकोत म्हणून घोंगडी फिरवून घेतली. मग हळूच पाठ टेकली. डोळे मिटलेले, माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की बांगडीचा वळ उठला.

पहिले काही दिवस नुसत्याच पडून राहिलो. पंख्यावरची जळमटं बघत त्या कोकणातल्या गोष्टी सांगायच्या, मी आमच्या हेडमास्तरांच्या नकला करायचे. मग एके दिवशी त्या कुशीवर वळल्या. मग कोपर. रांगताना त्यांचं पातळ गुडघ्याखाली अडकायचं, ते कासोट्यासारखं खोचून घेतलं. खोलीत जुनी जड लाकडी खुर्ची होती, तिच्यावर हात रोवून त्या पहिल्यांदा उठल्या तेव्हा खुर्चीला नमस्कार केला. मी हसले तर म्हणाल्या, “हसू नगा. हिनं उठवलं मला.” माणसांनी नवऱ्याला उठवलं नाही, हे त्यांनी उघड म्हटलं नाही. मला ते ऐकू आलं.

त्या दिवसांत मी सुखी होते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे. हुरडा आला होता, सकाळी धुकं असायचं, चहाला आलं असायचं, आणि दुपार झाली की आम्हा दोघींचं दाराआडचं गुपित. इतक्या वर्षांत मी पुष्कळांना शिकवलं, पण कुणी काही शिकताना बघून मला असा हुरूप आला नव्हता.

संक्रांतीला पुढच्या इमारतीतल्या जेवणघरात हळदीकुंकू होतं. गावातल्या बायका जरीच्या साड्या नेसून आल्या होत्या. आम्ही विधवा आपापल्या खोल्यांत. तसं कुणी सांगत नाही, आपणच दार ओढून घेतो. मी तिळगूळ आणायला तेवढी स्वयंपाकघरात गेले. परत येते तर न्हाणीच्या दाराशी पाणी सांडलेलं आणि हौसाक्का जमिनीवर. गुडघ्यांवर आलेल्या, दोन्ही हात खुर्चीवर. माझ्या हातातली वाटी पडली. “थांबा बाई,” त्या म्हणाल्या, “हात लावू नगा.” एक पाऊल पुढं टेकवलं, दातओठ खाल्ले, आणि उठल्या. खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “उठले. माजी मी उठले.” कुठं लागलं का बघितलं, ढोपर खरचटलं होतं एवढंच. सांडलेला तिळगूळ आम्ही फुंकून खाल्ला.

त्यांनी ते पोटात ठेवायला हवं होतं. पण कुणाला ठेवता आलं असतं? दुसऱ्या दिवशी वर्गात अश्विनी यायच्या आतच त्यांनी आबांना सांगितलं, आबांनी सगळ्यांना. अश्विनी आली तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. तिनं स्कार्फही न सोडता हौसाक्कांना मिठी मारली. मॅनेजर चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी विचारलं, “कोण पडलं?”

संध्याकाळी दोन मावश्या चाकांची खुर्ची घेऊन खोलीत आल्या. नियमच होता. पडलेल्या माणसाला निरीक्षणासाठी मागच्या हॉलमध्ये ठेवायचं. मॅनेजरही काही राक्षस नव्हते. मागं एकदा एका आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांच्या पोरांनी ऑफिसात येऊन काचा फोडल्या होत्या. तेव्हापासून त्या माणसाला फक्त पडणं दिसत असे, उठणं दिसत नसे. अश्विनी दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी भांडली. “सर, त्या स्वतः उठल्या, ह्यासाठीच तर वर्ग आहे.” ते म्हणाले, “पडल्या ना पण?” मी बिराला फोन लावला. तो म्हणाला, “बाई, तितं माणसं असत्यात ना ध्यान द्यायला, मग बरंच की.” त्याच्या मागं जेसीबीचा आवाज येत होता.

जाताना हौसाक्कांनी मावशीला विचारलं होतं, “मला पडले म्हनून न्हेताय, का उठले म्हनून?” मावशीला ते कळलं नाही. तिनं पायावर चादर घातली आणि खुर्ची ढकलली.

मागच्या हॉलमध्ये खाटेचे कठडे लावलेले असतात. खाली उतरायचं नाही, हाक मारायची. हाकेला माणूस येईपर्यंत व्हायचं ते होऊन जातं, मग लंगोट बांधतात, मग हाक मारायचंही कारण उरत नाही. अश्विनी आपला वर्ग संपला की तिकडं जाऊन त्यांचे पाय हलवून घ्यायची. पुढं तिला सांगण्यात आलं की तुमचं काम पुढच्या इमारतीपुरतं. मी रोज दुपारी जायचे. पोटऱ्या दिवसागणिक वाळत गेल्या. ज्या पायांनी कोकण तुडवलं ते चादरीखाली नुसत्या घडीसारखे. “पाय इसारलं, बाई,” त्या म्हणाल्या. मी चिडून म्हटलं, “तुम्ही विसरू नका म्हणजे झालं.” त्या कठड्याच्या गजांमधून माझं मनगट धरून पडून राहायच्या. मग खोकला लागला. तो पुढं छातीत उतरला. हंगाम संपत आला होता, पाचटाचा धूर सगळीकडं साचून राहिला होता. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या.

यंदा वर्ग परत सुरू झालाय. अश्विनी गेल्या वर्षीपेक्षा कमी हसते. आबांना आता एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळं थट्टा करतात ती कुणाला उद्देशून ते कळत नाही. निळ्या गाद्या यंदा पहिल्याच दिवशी, काल, बाहेर आल्या. नव्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, हात पदरात, आणि माझ्याकडं बघायला लागल्या. मी जाऊन आडवी झाले. म्हटलं, “उभ्या काय राहिलात? बसा खाली सगळ्या. वरून बघायचं नाही कुणी.” त्या बसल्या. मी कुशीवर वळले, कोपर टेकलं आणि तिथंच थांबले. पुढं जाता येईना. अश्विनीला वाटलं, गुडघा दुखतोय.

गुडघा दुखत नव्हता. त्या दिवशी मी तिथं होते, ते आठवलं.

बिरा आला होता, त्याची बायको, शेळगावची चार वडीलधारी माणसं, बिराचे एक पांढऱ्या मिशांचे चुलते. सकाळची वेळ, हॉलच्या खिडक्यांतून ऊन आलेलं. मॅनेजर बाहेरच थांबले, घरच्यांच्या रीतीत आपण पडू नये म्हणून. चुलत्यांनी मान हलवली आणि बिरानं कठडा काढला. आईला उचलताना तो ढसाढसा रडत होता. त्यांचीच घोंगडी फरशीवर अंथरली होती, तिच्यावर हौसाक्कांना ठेवलं. भोवती सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले, मला खाली बसायला जागा नव्हती. सुनेनं तोंडात पाणी घातलं.

फरशीचा गारवा पाठीला लागला तशा त्यांनी डोळे उघडले. वर बघितलं. एकेक चेहरा बघत बघत माझ्यापाशी आल्या. एक लांब श्वास घेतला. आणि कुशीवर वळल्या.

“घालमेल चाललीय जिवाची,” चुलते म्हणाले. त्यांनी वाकून, अगदी मायेनं, हौसाक्कांना परत उताणं केलं, हातपाय सरळ केले. थोड्या वेळानं त्या पुन्हा वळल्या. ह्या वेळी कोपर टेकलं. बरोबर तिथंच टेकलं होतं जिथं टेकायला शिकलो होतो. दुसरा हात फरशीवर चाचपडत पुढं सरकत होता, आणि मला ठाऊक होतं तो काय शोधतोय.

मी म्हणाले, “त्या उठतायत. धरा त्यांना, त्यांना उठायचंय.” बिरानं माझ्याकडं बघितलं. त्याचा हात पुढं आला होता, मी पाहिला. चुलते म्हणाले, “बिरा, आता वर घ्यायचं नसतं.” त्याचा हात मागं गेला. सुनेनं कोपर हळूच सोडवून सरळ केलं.

मी ओरडले. आयुष्यभर वर्गावर ओरडले नसेन तशी ओरडले, “खुर्ची आणा.”

खुर्ची लगेच आली. कुणीतरी ती माझ्यामागं ठेवली, आणि दोन्ही खांद्यांना धरून मला तिच्यावर बसवलं.